एसआर ४०० ची किक: पाय सगळ्यात शेवटी

"चाळीस किका मारल्या, गाडी धरतच नाही." यामाहा एसआर ४०० घेतलेल्या ओळखीच्या मंडळींकडून हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की आता पुढचा प्रश्न आपोआप तोंडात येतो : "इंजिनावरच्या खिडकीत खूण दिसली होती का?" बहुतेकांना ती खिडकी असते हेच ठाऊक नसतं. गाडी ठीक असते, बॅटरी ठीक असते, फक्त क्रम चुकलेला असतो.

जपानमध्ये नोकरीनिमित्त आलेले आपले बरेच जण ही गाडी हौसेने घेतात. तिथल्या ४०० सीसीपर्यंतच्या दुचाकी परवान्यात ती बसते, दिसायला जुन्या वळणाची आहे आणि १७५ किलोच्या आत-बाहेर असल्याने सांभाळायलाही सोपी. पण तिला सेल्फ स्टार्टर नाही. १९७८ साली आली तेव्हा नव्हता आणि २०२१ च्या शेवटच्या आवृत्तीतही नव्हता. त्यामुळे किक जमली नाही तर गाडी नुसती उभी राहते. या लेखात गाडी सुरू करणं, बंद पडल्यावर पुन्हा सुरू करणं आणि ज्यात सगळे हमखास चुकतात ते ऑइल तपासणं, एवढंच आहे.

सुरुवातीआधी : जुन्या सवयी बाजूला ठेवा

आपल्यातल्या प्रत्येकाच्या पायात कुठली तरी जुनी गाडी बसलेली असते. चेतकवाला गाडी सुरू झाली नाही की ती आपल्याकडे वाकडी करायला बघतो. इथे तसं करू नका, गाडी अंगावर येईल. येझदीवाल्याचा डावा पाय शिवशिवतो. एसआरची किक उजवीकडे आहे. आरएक्स १०० वाला उभ्या-उभ्या टचकन किक मारतो आणि अर्धी रेस देतो. या गाडीत दोन्ही गोष्टी नडतात.

त्यातल्या त्यात फायदा होतो तो जुन्या बुलेटवाल्यांना. डिकॉम्प्रेशनचा, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडणारा लिव्हर ओढायचा, ॲम्पिअर मीटरचा काटा मध्यावर आला की थांबायचं आणि मग किक मारायची, हे ज्यांनी केलंय त्यांना एसआर दहा मिनिटांत जमते. इथे काट्याऐवजी खिडकी आहे, एवढाच फरक.

आणखी एक गोष्ट आधी बघून घ्या : तुमची गाडी कार्ब्युरेटरची आहे की फ्युएल इंजेक्शनची? २००९ च्या अखेरीपासून आलेल्या गाड्या इंजेक्शनच्या आहेत. किकची पद्धत दोन्हींत एकच, पण सुरू न झाल्यावर काय करायचं ते वेगळं. टाकीखाली पेट्रोलचा कॉक आणि चोक आहे का, एवढं दुकानदाराला विचारलं तरी उलगडा होतो.

१. जागा, बूट आणि स्टँड

सपाट जागा निवडा. शिकताना गाडी डबल स्टँडवर लावा. साइड स्टँडवर गाडी ठेवून तिच्यावर पूर्ण वजन टाकून किक मारणं ही वाईट सवय आहे. तो स्टँड उभ्या माणसाचं वजन झेलण्यासाठी नाही, कालांतराने त्याचा बोल्ट ढिला होतो आणि गाडी जास्तच कलायला लागते.

पायात जाड तळव्याचा बूट हवा. चपलेत किक मारू नका. किकचं रबर पावसाने ओलं असेल तर फडक्याने पुसा. जूनच्या पावसात पाय सरकून किकचा दांडा पोटरीवर बसला, की त्याचा निळा डाग दोन आठवडे राहतो. माझा राहिला होता.

*सावधान :* बंदिस्त गॅरेजमध्ये किंवा इमारतीखालच्या कोंदट पार्किंगमध्ये इंजिन गरम करत बसू नका. गाडी ढकलत मोकळ्यावर न्या. सकाळी सहाला शेजाऱ्यांच्या खिडकीखालीही नको. तिथले शेजारी तोंडावर बोलत नाहीत, पण पार्किंगच्या फलकावर चिठ्ठी येते.

२. पाय लावण्याआधी चार गोष्टी

किल्ली फिरवा. लाल स्विच म्हणजे किल स्विच चालू स्थितीत आहे का बघा. न्यूट्रलचा हिरवा दिवा लागलाय का बघा. इंजेक्शनच्या गाडीत इंजिनाचा नारिंगी दिवा थोडा वेळ लागून विझतो. तो विझेपर्यंत थांबा.

हे वाचून हसू येईल, पण "चाळीस किका" सांगणाऱ्यांपैकी निदान दोघांचा किल स्विच बंद होता. पार्किंगमध्ये येणारी-जाणारी मुलं तो दाबून जातात.

न्यूट्रलबाबत एक बारकावा आहे. दिवा मंद दिसला किंवा लागलाच नाही, तर गाडी न्यूट्रलमध्ये नसेल किंवा बॅटरी उतरली असेल. गाडी पुढे-मागे हलवून बघा. चाक मोकळं फिरतंय आणि तरीही दिवा मंद आहे, तर किक मारण्यात वेळ घालवू नका, सरळ टप्पा ८ वाचा.

कार्ब्युरेटरच्या थंड गाडीला पेट्रोलचा कॉक चालू करून चोक ओढा. इंजेक्शनवाल्या गाडीलाही थंड इंजिनासाठी आयडल, म्हणजे रेस न देता इंजिन फिरतं तो वेग, वाढवणारी नॉब दिलेली आहे. कडाक्याच्या थंडीत ती ओढा, ऑगस्टमध्ये गरज पडत नाही.

*तपासा :* उजवा हात रेसवर नाही ना? तो समोरच्या ब्रेकवर ठेवा. ब्रेक धरलेल्या हाताने रेस पिळली जात नाही, म्हणून ही सवय दुहेरी कामाची आहे.

३. कॉम्प्रेशन शोधा

इथून पुढचे तीन टप्पे म्हणजे खरं काम. ते हळू करायचे आहेत.

कारण समजलं की क्रम पाठ करावा लागत नाही. जवळजवळ ४०० सीसीचं हे इंजिन एकाच सिलिंडरचं आहे. पिस्टन ८७ मिलिमीटर व्यासाचा, आणि तो आतली हवा साडेआठपट दाबतो. तुमचा पाय ही हवा दाबण्यात खर्च झाला, तर इंजिन फिरवायला काही उरत नाही. म्हणून पिस्टन आधी त्या चढाच्या पलीकडे नेऊन ठेवायचा. तिथून किक मारली की कॉम्प्रेशनचा पुढचा चढ यायच्या आधी क्रँकला, म्हणजे पिस्टन फिरवतो त्या दांड्याला, सुमारे दीड फेरा मोकळा मिळतो. तेवढ्यात फ्लायव्हील, म्हणजे त्याच दांड्यावरचं जड चाक, वेग घेतं आणि पुढचा चढ तेच पार करतं. हातगाडी चढावर ढकलताना आपण आधी सपाटीवर पळून वेग घेतो, तसंच.

आता करायचं असं. डिकॉम्प्रेशनच्या लिव्हरला हात न लावता किकचा दांडा बाहेर काढा, त्यावर बुटाचा मधला भाग ठेवा आणि हलकेच खाली दाबा. दांडा जाईल, जाईल आणि एका जागी घट्ट अडेल. रबरी भिंतीवर पाय टेकल्यासारखं वाटतं. ते कॉम्प्रेशन. दांडा पूर्ण खाली गेला तरी काही अडलं नाही, तर तो वर येऊ द्या आणि पुन्हा दाबा. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी अडतोच.

*सावधान :* अडलेल्या जागेवर जोर लावून ती भिंत पायाने फोडू नका. पिस्टन अगदी वर जायच्या किंचित आधी ठिणगी पडते. तुमचा जोर अर्ध्यातच संपला तर तो स्फोट पिस्टनला मागे ढकलतो आणि किकचा दांडा उलटा उसळतो. गुडघा सरळ ताठ असेल तर तो धक्का थेट गुडघ्यात जातो.

४. लिव्हर ओढा, खिडकी बघा

डाव्या हँडलवर क्लचच्या लिव्हरजवळ एक छोटा लिव्हर आहे, तोच डिकॉम्प्रेशनचा. तो ओढला की एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह किंचित उघडा राहतो आणि दाबलेली हवा निसटते. फुस्स असा आवाजही येतो.

कॉम्प्रेशनवर पाय अडलेला असतानाच हा लिव्हर ओढा आणि किक अगदी थोडी, दोन बोटं म्हणता येईल इतकीच, पुढे दाबा. नजर सिलिंडर हेडच्या उजव्या बाजूला असलेल्या छोट्या गोल काचेच्या खिडकीकडे. तिच्यात चंदेरी खूण सरकत येते. खूण दिसली की पाय थांबवा.

ही खूण कॅमशाफ्टच्या, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या, टोकाशी आहे, आणि कॅमशाफ्ट क्रँकच्या अर्ध्या वेगाने फिरतो. म्हणून पिस्टन दोनदा वर येतो तेव्हा खूण एकदाच दिसते, आणि ती नेमकी कॉम्प्रेशनच्या वेळी. त्यामुळे "वर आलाय, पण कुठल्या फेऱ्यात?" हा प्रश्न उरत नाही.

बरेच जण इथे लिव्हर ओढून धरतात आणि किक दणादण खाली मारतात. खूण येते तशी निघून जाते आणि पिस्टन कुठे आहे ते पुन्हा कुणालाच माहीत नसतं. माझीही सुरुवात तशीच होती. पहिल्या रविवारी मी घामाघूम झालो होतो, तेव्हा शेजारच्या इमारतीतले एक आजोबा कुत्र्याला घेऊन चालले होते. ते थांबले, कुत्र्याची दोरी मनगटाला गुंडाळली, वाकून त्या काचेवर नखाने दोनदा टकटक केलं आणि म्हणाले, "युक्कुरी, युक्कुरी." हळू, हळू. नंतर कळलं, त्यांच्याकडे तरुणपणी हीच गाडी होती.

जुन्या गाडीत काच तेलकट-पिवळी झालेली असते. फडक्याने पुसा, मोबाइलचा टॉर्च मारा. तरी दिसत नसेल तर पायाच्या स्पर्शावर जा : घट्ट जागा सापडली, लिव्हर ओढला, किक किंचित पुढे सरकली आणि पायाखालचा ताण सुटला, की बस. महिन्याभरात बहुतेक लोक खिडकीकडे बघणं सोडूनच देतात.

५. लिव्हर सोडा, किक वर येऊ द्या

हा टप्पा सगळ्यात छोटा आणि सगळ्यात जास्त वगळला जाणारा. खूण दिसताच लोकांचा उत्साह उतू जातो आणि ते तिथूनच, म्हणजे किक अर्धी खाली असतानाच, उरलेली अर्धी किक मारतात. अर्ध्या किकने फ्लायव्हीलला वेग मिळत नाही.

आधी लिव्हर पूर्ण सोडा. तो ओढलेला राहिला तर कॉम्प्रेशनच होणार नाही आणि गाडी जन्मात धरणार नाही. मग पाय उचलून किकचा दांडा आपल्या स्प्रिंगने अगदी वरपर्यंत येऊ द्या. पिस्टन हलत नाही, तो ठेवलेल्या जागीच राहतो.

*तपासा :* लिव्हर सुटलाय. दांडा वर टेकलाय. खिडकीत खूण अजून दिसतेय. रेस बंद आहे. यातलं एक जरी चुकलं तरी टप्पा ३ पासून पुन्हा. त्याला पंधरा सेकंद लागतात. चुकीच्या दहा किकांना यापेक्षा जास्त वेळ लागतो आणि दमछाक होते ती वेगळीच.

६. आता किक

डाव्या पायावर उभे राहा, किंवा डबल स्टँडवर असाल तर डावा पाय फूटरेस्टवर. उजव्या पायाने लाथ मारायची नाही. अंग वर उचलायचं आणि आपलं वजन दांड्यावर सोडायचं. जिन्याची एक उंच पायरी उतरताना शरीर जसं खाली येतं, तशी एकसलग हालचाल. दांडा वरपासून अगदी तळापर्यंत गेला पाहिजे, आणि तळाला पोचेपर्यंत पाय दांड्यावरच असला पाहिजे. अर्ध्यात पाय उचललात तर किक वाया गेलीच, शिवाय उलटी बसायची भीती.

रेस? शून्य. इंजेक्शनच्या गाडीत तर हात लावूच नका. किती पेट्रोल सोडायचं ते तिचा कॉम्प्युटर ठरवतो आणि मध्येच रेस उघडली की त्याचा हिशेब बिघडतो. कार्ब्युरेटरच्या थंड गाडीतही चोक ओढलेला असताना रेस बंदच.

जोराबद्दल एवढंच सांगतो : पंचेचाळीस किलोची माझी एक मैत्रीण ही गाडी पहिल्या-दुसऱ्या किकला सुरू करते. तिचा नवरा व्यायामशाळेत जातो, त्याला अजून पाच लागतात. तो अजून लाथ मारतो.

७. सुरू झाल्यावर

लगेच रेस पिळून भूं-भूं करू नका. एक-दोन मिनिटं आपल्या लयीत धडधडू द्या. चोक किंवा नॉब ओढली असेल तर इंजिन स्थिर झाल्यावर परत आत ढकला. चोक विसरून पाच किलोमीटर गेलात तर प्लग काळा होतो, आणि मग दुपारी पेट्रोल पंपावर गाडी पुन्हा धरत नाही. लोक म्हणतात, गाडी गरम झाल्यावर त्रास देते. खरा त्रास सकाळीच झालेला असतो.

निघण्याआधी साइड स्टँड वर घ्या. स्टँड खाली राहून गिअर टाकला तर नव्या गाड्यांत इंजिन बंद पडतं, आणि ते नेमकं सिग्नलला निघताना लक्षात येतं.

८. नाही धरली तर

तीन किका नीट क्रमाने मारूनही गाडी धरली नाही, तर थांबा. चौथी मारू नका. आधी दोन मिनिटं टप्पा २ पुन्हा : किल्ली, लाल स्विच, न्यूट्रल, पेट्रोल. मग गाडीप्रमाणे पुढे जा.

कार्ब्युरेटरची गाडी असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर ओव्हरफ्लो झालाय. किल्ली बंद करा, चोक आत ढकला, रेस पूर्ण उघडून धरा, डिकॉम्प्रेशनचा लिव्हर ओढा आणि सहा-सात किका सावकाश मारा. जास्तीचं पेट्रोल बाहेर जाईल. मग रेस बंद, किल्ली चालू आणि टप्पा ३ पासून सुरुवात. याउलट वास अजिबात येत नसेल, तर कॉक बंद असेल किंवा टाकीत पेट्रोल राखीव पातळीखाली गेलं असेल.

इंजेक्शनच्या गाडीत पहिला संशय बॅटरीवर घ्या. किक मारून सुरू होणाऱ्या गाडीला बॅटरी कशाला, असं वाटतं. पण तिचा पेट्रोल पंप आणि कॉम्प्युटर विजेवरच चालतात. महिनाभर गाडी उभी राहिली, दिवे मंद झाले, तर तुमची किक कितीही सुंदर असो, पेट्रोलच पोचत नाही. बॅटरी चार्ज करा, मग बोला. गाडी आडवी पडून बंद झाली असेल, तर किल्ली पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा आणि मगच किक मारा.

*सावधान :* ओव्हरफ्लो झालेली गाडी सुरू करायचा प्रयत्न चालू असताना आजूबाजूला कुणी सिगारेट पेटवलेली नको. सांगायची गरज पडू नये, पण पडते.

९. गरम इंजिन, आणि रस्त्यात बंद पडली तर

गरम इंजिनाला चोक नको, नॉब नको, रेस नको. बाकी क्रम तोच. काही जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांना गरम असताना सुरू करण्यासाठी कार्ब्युरेटरवर वेगळं बटण दिलेलं आहे. तुमच्या गाडीला असेल तर तेव्हा ते वापरा. गरम गाडीत लोकांचं चुकतं ते एवढ्याचसाठी, की घाई असते. मागे गाड्या उभ्या, सिग्नल हिरवा, आणि तुम्ही कॉम्प्रेशन न शोधताच किका मारत सुटता.

म्हणून बंद पडल्यावरचा पहिला टप्पा किक नाही. क्लच दाबा, गाडी ढकलत रस्त्याच्या डाव्या कडेला घ्या, न्यूट्रल करा, एक श्वास घ्या. जपानमध्ये हॉर्न मारणारे कमी असतात, त्यामुळे ही तीस सेकंदं तुम्हाला मिळतात. पुण्यात मिळाली नसती.

रेल्वे फाटकाचं मात्र वेगळं आहे. तिथे सिग्नलचा हिरवा दिवा नसेल तर प्रत्येक वाहनाने फाटकाआधी पूर्ण थांबून, दोन्हीकडे बघून मगच पुढे जायचं, असा कायदा आहे. थांबून पुन्हा निघताना क्लच चटकन सुटला की एकसिलिंडर गाडी हमखास बंद पडते, आणि या गाडीत बंद पडणं म्हणजे पुन्हा सगळे टप्पे. त्यामुळे :

फाटकापलीकडे तुमच्या गाडीपुरती जागा रिकामी दिसल्याशिवाय रुळांवर जाऊ नका. पहिल्याच गिअरमध्ये, थोडी रेस जास्त ठेवून पार करा; रुळांवर गिअर बदलू नका. तरीही बंद पडलीच, तर किकला हात, म्हणजे पाय, लावायचा नाही. गिअर न्यूट्रल करून गाडी ढकलत पलीकडे काढा. १७५ किलोची गाडी सपाट रुळांवरून एकट्याने ढकलता येते. आडवा बांबू खाली आला असेल तरी थांबू नका, तो लवचिक असतो, ढकलून बाहेर पडता येतं. गाडी हललीच नाही, तर ती सोडा, स्वतः बाहेर या आणि फाटकाजवळचं आपत्कालीन बटण दाबा. ते दाबल्याने दंड होतो हा गैरसमज आहे; ते अशाच वेळेसाठी लावलंय.

१०. ऑइल तपासताना होणारी महागडी चूक

हा टप्पा किकचा नाही, पण किक शिकलेल्या माणसाची पुढची चूक इथेच होते.

या इंजिनाचं ऑइल खाली कढईत साठत नाही. ते गाडीच्या फ्रेमच्या नळीतच साठवलेलं असतं, आणि त्याची पातळी बघायची काडी टाकीच्या पुढे, हँडलच्या मानेजवळ आहे. गाडी काही दिवस उभी राहिली की फ्रेममधलं ऑइल हळूहळू झिरपून इंजिनाच्या तळाशी उतरतं. अशा थंड गाडीची काडी बाहेर काढली तर ती कोरडी निघते. माणूस घाबरतो, डबा आणतो, अर्धा लिटर ओततो. मग गाडी सुरू होते, खालचं ऑइल पंपाने वर येतं, जागा उरत नाही आणि जास्तीचं ऑइल इंजिनाच्या श्वासनळीतून (ब्रीदरच्या नळीतून) एअर फिल्टरमध्ये शिरतं. फिल्टर ऑइलने भिजतो, गाडी धूर सोडते आणि मालक म्हणतो, "इंजिन गेलं." इंजिन कुठेही गेलेलं नसतं.

बरोबर क्रम असा. गाडी सुरू करून पाच-दहा मिनिटं चालवून या. सपाट जागी डबल स्टँडवर लावा. थोडा वेळ आयडलवर ठेवून बंद करा. दोन-तीन मिनिटं थांबा. काडी काढून पुसा. झाकण आणि आसपासची नळी गरम असते, हाताला फडकं घ्या. काडी पुन्हा आत घाला, पण पेच फिरवून बसवू नका, नुसती टेकवा. बाहेर काढा आणि दोन खुणांच्या मध्ये पातळी आहे का बघा.

खालच्या खुणेखाली असेल तरच ओता, तेही शंभर मिलिलिटर. पुन्हा तपासा. वरच्या खुणेला लावायचा हट्ट नको. मी स्वतः दोन्ही खुणांच्या मधोमध ठेवतो.

ऑइल बदलताना लक्षात ठेवा, निचऱ्याच्या जागा दोन आहेत : एक फ्रेमच्या नळीच्या तळाला आणि एक इंजिनाखाली. फक्त एकच बोल्ट उघडून "ऑइल कमीच निघालं" म्हणत पूर्ण डबा ओतणारे पाहिलेत. एका छोट्या दुकानात माझ्याच गाडीचं तसं झालं होतं. फिल्टरचा डबा उघडला तेव्हा तळाशी काळ्या ऑइलचं तळं होतं.

*तपासा :* किती काढलं ते मोजा, आणि तेवढंच ओता.

११. थंडीत उभी ठेवताना, आणि जुनी घेताना

टोकियोत जानेवारीच्या सकाळी पारा शून्याजवळ जातो. ऑइल घट्ट होतं आणि किक जड लागते. अशा वेळी किल्ली बंद ठेवून, लिव्हर ओढून, चार-पाच किका सावकाश माराव्यात. आतले भाग मोकळे होतात. मग टप्पा २ पासून नेहमीचा क्रम. इंजेक्शनची गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर बॅटरीला चार्जर लावून ठेवा, किंवा तिची निगेटिव्ह वायर काढून ठेवा. दर रविवारी पाच मिनिटं सुरू करून बंद करणं हा उपाय नाही. तेवढ्यात बॅटरी भरत नाही आणि इंजिनात ओल साचते.

जुनी गाडी बघायला जाताना दुकानात आधी फोन करून सांगा, की मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. पोचल्यावर हाताची उलटी बाजू सिलिंडरच्या जवळ न्या. गरम लागली, तर थंड इंजिनावर ती कशी धरते हे तुम्हाला बघायला मिळणार नाही. अर्धा तास चहा पिऊन या, किंवा दुसऱ्या दिवशी जा. थंड असेल तर स्वतः किक मारायला मागा. कॉम्प्रेशनची भिंत पायाला घट्ट लागली पाहिजे आणि लिव्हर ओढल्यावर ती सुटली पाहिजे. भिंत पिठासारखी मऊ लागली तर लिव्हरची तार जास्त ताणलेली असेल, किंवा व्हॉल्व्ह-पिस्टनचं काम निघालेलं असेल. पहिलं काम पाच मिनिटांचं, दुसरं बरंच महाग; दुकानदाराला तुमच्यासमोर तार ढिली करायला सांगा आणि पुन्हा पाय लावून बघा. शाकेन, म्हणजे २५० सीसीवरच्या गाड्यांची दर दोन वर्षांची सरकारी तपासणी, कोणत्या महिन्यात संपते तेही तिथेच विचारा, आणि पैसे देण्याआधी गाडी एकदा बंद करून गरम असताना पुन्हा सुरू करून दाखवायला सांगा.